हुजुरांपेक्षा उंच

१४ जानेवारी, मेइजी १२ (१८७९)

आज आमच्या गोऱ्या ड्रायव्हरने, हॅलमने, पुन्हा माझ्या हातावर फटका मारला. तेलाच्या चिंध्यांचा बोळा होता म्हणून लागलं नाही. पण प्रश्न लागण्याचा नाही. आमच्या आजोबांच्या हातावर कोणी असा फटका मारला असता, तर मारणाऱ्याचा हात जागेवर राहिला नसता. मी गप्प बसलो. इंजिनात पाच वर्षं कोळसा ओतला की माणूस आपोआप गप्प बसायला शिकतो.

गुन्हा काय, तर शिम्बाशीला गाडी थांबल्यावर मी बाहेर डोकावलो आणि ब्रेकचं चाक आवळायचं राहिलं. बस्स, एवढंच. "तीन!" हा ओरडला. आपली भाषा त्याला योकोहामाच्या धक्क्यावरच्या हमालांनी शिकवलीय, मग दुसरं काय तोंडातून येणार? "आधी तीन, मग हात काढ! वाफ बंद. दिशेचा दांडा मधे. ब्रेक घट्ट. मग जा, मूत, मर, काय पाहिजे ते कर!"

फलाटावर माणसं उभी होती. मागोहाची फावड्यावर रेलून दात काढत होता. हा आमच्याच गावचा, आमच्या संस्थानाच्या हुजुरांचा मेणा वाहणाऱ्या भोयाचा मुलगा. जुने दिवस असते तर मी रस्त्याने जाताना हा गटाराच्या कडेला वाकून उभा राहिला असता. आज दोघं एकाच इंजिनावर, दोघांची तोंडं सारखीच काळी.

आणि मी कोण? कमरेला दोन तलवारी लावायचा हक्क असलेल्या घराण्यातला, इसोबे तेत्सुनोसुके. तलवारी गेल्या, केसांची गाठ गेली, हुजुरांचं राज्यही गेलं. राहिलं काय, तर फावडं. दोन महिन्यांपासून हॅलम मला इंजिन चालवायला देतोय. म्हणजे वरून हुकूम आलाय म्हणून देतोय. या वसंतात आपल्यापैकी दोघातिघांना ड्रायव्हर करायचं ठरलंय. आजवर या लाइनीवरचे सगळे ड्रायव्हर विलायतेचे. मला ड्रायव्हर व्हायचंच आहे. बाबांचे डोळे मिटायच्या आत व्हायचं आहे. आणि या गोऱ्याला ते बघवत नाही, दुसरं काय!

२० जानेवारी

बर्फ पडलं. बाबांचा गुडघा ठणकतोय. रोजच्यासारखं तेल लावून चोळून दिलं आणि चोळताना रोजच्यासारखी तीच हकिकत ऐकली.

मी तेव्हा सहा वर्षांचा. बाबा धान्याच्या कोठारावर चढून कौलं बसवत होते, आणि खालच्या रस्त्याने अचानक हुजुरांची स्वारी आली. हुजूर खाली आणि चाकर छपरावर! शिडी पलीकडच्या अंगाला. तिच्यापर्यंत पोचेस्तोवर मेणा निघून गेला असता. बाबांनी सरळ उडी मारली. पाय मोडला. मोडक्या पायाने तसंच कपाळ मातीला टेकवलं. मेणा थांबला, पडदा चार बोटं वर झाला, आणि आतून आवाज आला, "कोण हा?"

"हुजुरांनी स्वतः विचारलं, तेत्सु," बाबा म्हणाले. "स्वतः."

इथे त्यांचा आवाज अजून कापतो. आमच्या घराला ना जमीन मिळाली ना मान, पण हे दोन शब्द मिळाले. माझ्या लहानपणी बाबा लंगडत रस्त्याने निघाले की लोक बाजूला व्हायचे.

माझी बायको ओशिनो चुलीपाशी होती. म्हणाली, "विचारलं खरं. पण पुढे वैद्य तरी धाडला का?"

"तुझ्या माहेरी चहा विकायचे. तुला काय कळणार यातलं?" मी म्हणालो.

"चहा विकायचे हो, पण सगळ्यांचे पाय शाबूत होते."

मामंजींना ऐकू कमी येतं हे तिला ठाऊक आहे, म्हणून जीभ एवढी चालते.

३ फेब्रुवारी

आज घराघरांतून भाजलेले दाणे फेकून भुतं हाकलायचा दिवस. मागोहाचीने मूठभर दाणे इंजिनावरही आणले होते. भट्टीत फेकले, कोळशावर फेकले, आणि शेवटी हॅलमच्या पाठीवर. "भुता, बाहेर हो!" मला वाटलं, आता हा भडकणार. कसचं काय! त्याने वाकून दाणे एकेक वेचले आणि खाऊन टाकले. मग फावडं भट्टीत धरून त्यावर तीन अंडी तळली, एक मला दिलं, एक मागोहाचीला. ज्या फावड्याने कोळसा ओढायचा त्यावरचं अंडं! मी नको म्हणालो. मागोहाचीने दोन्ही खाल्ली.

"इसोबेसाहेब, तुम्ही नको म्हणत जा," तो म्हणाला. "तुमच्या घराण्याची अब्रू राहते आणि माझं पोट भरतं."

या इंजिनाची वाफ गळते. झडप पुरी बंद केली तरी आत थोडी थोडी जात राहते, आणि ब्रेक आवळलेला नसला तर हे धूड आपलं आपण सरकतं. हॅलम म्हणतो, "वर सांगितलं. दोनदा सांगितलं. वरच्यांना कान नाहीत. म्हणून तीन." मला विचाराल तर इंजिन बिघडलंय, बिघडलंय करत माझी परीक्षा पुढे ढकलायचा हा डाव आहे.

पुढच्या बाजूला एक पितळी पाटी आहे. इंजिन याच्याच गावात बनलं म्हणे. ती पाटी तो रोज स्वतः पुसतो, दुसऱ्या कोणाला बोट लावू देत नाही. आज माझ्या हातात फडकं दिलं आणि म्हणाला, "आजपासून तू पूस." म्हणजे आता झाडलोटही माझ्याच गळ्यात!

१५ फेब्रुवारी

उद्या परीक्षा. शिम्बाशी ते योकोहामा सगळं मी एकट्याने करायचं, हॅलम कशाला हात लावणार नाही. कोळसा ओतायला मागोहाची. हॅलमचं बोलणं वर जाईल आणि त्यावर ठरेल. मी त्याला विचारलं, "बरं बोलाल ना?" तर म्हणतो, "तीन विसरू नको." सरळ उत्तर द्यायला जीभ झिजते याची.

ओशिनोने कोट धुऊन, कोळशाच्या इस्त्रीने कडक करून ठेवलाय. बाबांनी घराण्याचं चिन्ह असलेला जुना कापडाचा तुकडा आतल्या खिशात ठेवायला दिला. म्हणाले, "हुजुरांच्या चाकराचा मुलगा आहेस, हे लक्षात ठेव." मला झोप येईल असं वाटत नाही.

१६ फेब्रुवारी

लिहवत नाही.

१९ फेब्रुवारी

एकदा लिहून टाकतो. नाहीतर डोकं फुटेल.

गाडी मी सुरेख नेली. हे मी म्हणतो म्हणून नाही. गार्डनेसुद्धा शिनागावाला हिरवा झेंडा दाखवताना मान डोलावली. समुद्राच्या कडेने जाताना मागोहाची म्हणाला, "साहेब, माझ्या बापाने खांद्यावरून नेली असती तरी गाडी इतकी गुळगुळीत गेली नसती." योकोहामाला फलाटाशी अशी थांबवली की उभ्या माणसाचा तोल जाऊ नये.

तिथे इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला न्यायचं असतं. मागोहाची खाली उतरून इंजिन आणि डब्याच्या मधे शिरला, जोडसाखळी काढायला. साखळी सैल पडावी म्हणून मी दांडा मागच्या दिशेला टाकून जरासं रेटलं आणि वाफ बंद केली. हॅलम खाली उतरून फलाटाच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून पाइप ओढत उभा होता. परीक्षा घ्यायची आणि बघायचंही नाही! मनातून चरफडलो.

आणि तेवढ्यात हुजूर दिसले.

पहिल्या वर्गातून उतरून फलाटावरून चालत येत होते. अंगात काळा कोट, डोक्यावर उंच टोपी, बरोबर एक परदेशी पाहुणा. घोड्यांच्या शर्यती होत्या त्या दिवशी. आठ वर्षांनी बघितले तरी मी चालीवरून ओळखलं. फलाटावरून माझ्या दाराशी आले, आणि मी वर. त्यांची टोपी माझ्या छातीच्या खाली.

मी विचार केला नाही. विचार करून कोणी असं करतं का? मी उडी मारली आणि फलाटावर कपाळ टेकलं.

बूट थांबले. मी म्हणालो, "इसोबे हान्जीचा मुलगा, हुजूर." वरून आवाज आला, हळू, दातांतून आल्यासारखा, "ऊठ, ऊठ. हे असलं आता करत नाहीत. लोक बघतायत." पाहुणा काहीतरी बोलला आणि हसला. बूट पुढे गेले.

त्याच क्षणी मागोहाची ओरडला.

इंजिन मागे सरकलं होतं. साखळी काढून तो बाहेर येत होता आणि उजवा हात बफरांच्या लोखंडी तबकड्यांमधे सापडला. हॅलम कुठून आला कळलं नाही, उडी मारून वर चढला आणि इंजिन पुढे घेतलं. मग खाली येऊन आपला सदरा फाडून बांधला. माझ्याकडे एकदाच बघितलं. फटका मारला असता तर बरं झालं असतं.

हात कोपराखालून कापला.

बाबांना मी फक्त इतकंच सांगितलं की हुजूर आले होते आणि मी खाली उतरलो. ते उठून बसले. "विचारलं का काही?" मी म्हणालो, गडबड होती. पण रोज विचारतायत.

२२ फेब्रुवारी

आमच्या गल्लीत आज हातरिक्षा आली, आणि तीतून हुजुरांचे कारभारी ओनोदेरा उतरले! ओशिनोची तारांबळ उडाली, बसायला उशी कुठली, चहा कुठला. हुजुरांचं चिन्ह उमटवलेली केकची पेटी त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"इसोगाई," ते म्हणाले (घाईत होते, आणि वयही झालंय), "त्या दिवशीचं हुजुरांच्या लक्षात आहे."

मी कपाळ चटईला टेकवलं.

"आता चौकशी होईल. हुजूर हल्ली सरकारदरबारी नव्या लोकांत उठतात-बसतात. कोणी जुना चाकर फलाटावर लोटांगण घालतो आणि त्यापायी एकाचा हात जातो, हे वर्तमानपत्रात आलं तर परदेशी लोक हसतील. तेव्हा हुजुरांचं नाव यात कुठे येऊ नये. समजलं?"

मी म्हणालो, जीव गेला तरी येणार नाही. ते लगेच उठले, चहाला शिवलेही नाहीत. हुजुरांनी इतक्या गडबडीत माझी आठवण ठेवली आणि एक काम माझ्यावर सोपवलं. जुने धनी ते जुने धनी!

ओशिनोने पेटी उघडली, केकचा वास घेतला. "मागोहाचीच्या घरी पण गेली असेल ना अशी एक?" तिने विचारलं. मी म्हणालो, प्रत्येक गोष्टीत खोट काढू नकोस.

२७ फेब्रुवारी

चौकशी झाली. तिघे अधिकारी, एक दुभाषी, हॅलम आणि मी. एकच प्रश्न फिरून फिरून. वाफ बंद करून, दांडा मागे तसाच ठेवून, ब्रेक न आवळता खाली का उतरलास?

मी म्हणालो, "सांगण्यासारखं कारण नाही."

हॅलम उभा राहिला. म्हणाला, इंजिन गळतं हे आपण दोनदा कळवलंय, दोष इंजिनाचा; आपण पाठ केली, दोष आपला. सगळा दोष स्वतःकडे ओढून मोठेपणा मिरवायची काय ही हौस! मग माझ्याकडे वळून आमच्या भाषेत ओरडला, "बोल! कारण असणार! तू गाढव नाहीस, मला माहीत आहे! का उतरलास ते सांग यांना!"

भर चौकशीत गाढवाचं नाव काढलं. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. त्याने टोपी जमिनीवर आपटली आणि निघून गेला.

निकाल: इसोबेला इंजिनावरून काढावं, कोळशाच्या वखारीवर घ्यावं. आता इंजिन माझ्या हातात कधी येणार नाही. पण हुजुरांचं नाव आलं नाही. बाबांनीही हेच केलं असतं.

१५ मार्च

दिवसभर टोपल्या भरायच्या. मी भरलेला कोळसा दुसरे कोणी जाळतात. आमचं इंजिन आज पाणी घ्यायला समोर थांबलं होतं. पितळी पाटी काळी पडलीय. हॅलमने मला पाहून हात वर केला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

मागोहाचीकडे अजून गेलो नाही. रोज ठरवतो. वखारीतून बाहेर पडलो की पाय दुसऱ्याच रस्त्याला लागतात. लाज वाटते. त्याच्यापुढे माझे दोन हात घेऊन जायचं कसं?

१२ एप्रिल

नावं लागली. आपल्यातले ड्रायव्हर झाले. वखारीतल्या लोकांनी आरोळ्या ठोकल्या, साके आणली, मलाही पाजली. मी प्यालो. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, आज साकेचा वास कसा काय? मी म्हणालो, कुठला तरी सण असेल.

२० एप्रिल

आज गेलो शेवटी. मागोहाचीचं घर शिनागावाच्या मासेवाल्यांच्या आळीत. दारात बसून डाव्या हाताने रताळं सोलत होता. सुरी सारखी घसरत होती.

"या, या इसोबेसाहेब! वाट चुकलात का?"

मी वाकलो. इतका खाली मी हुजुरांपुढे सोडून कोणापुढे वाकलो नाही. त्याने सुरी माझ्याकडे सरकवली.

"पुरे झालं. उठा. ते रताळं तेवढं सोलून द्या."

मी सोललं. आत कोपऱ्यात अंड्यांची टोपली होती. हॅलम दर रविवारी येतो म्हणे. "येतो, अंडी ठेवतो, एक शब्द बोलत नाही, अर्धा तास बसतो आणि जातो. एकदाच बोलला, तुमच्याबद्दल. तुमचं नाव त्याने परीक्षेच्या आधीच वर पाठवलं होतं. सगळ्यात वर तुमचं. परीक्षा आपली नावाला."

मी म्हणालो, "त्याचं काय ऐकतोस? आता म्हणायला काय जातं त्याचं!"

"बरं, राहिलं. मला एक सांगा. चौकशीत बोलला नाहीत म्हणे. मला सांगा. मी तुमच्यासाठी मधे शिरलो होतो. तुम्ही वर आहात या भरवशावर शिरलो होतो. का उतरलात?"

हुजुरांना दिलेला शब्द अधिकाऱ्यांपुरता होता. या माणसापुढे मला तो पाळता येईना. मी सांगितलं. हुजूर आले, मी उंचावर होतो, म्हणून उतरलो; ते काय म्हणाले तेही. बाबाही असेच छपरावरून उतरले होते, तेही सांगितलं, त्याला कळावं म्हणून. कोठार, कौलं, मेणा, सगळं.

त्याने हातातलं रताळं खाली ठेवलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. हसत होता. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला उजवा हात उचलला आणि तो तिथे नव्हता.

"कोठारावरून उडी मारणारे ते तुमचे वडील होते? अहो, माझा बाप होता ना त्या मेण्याखाली! पुढच्या दांड्याला, डावीकडे. मरेपर्यंत सांगायचा."

"मग तुला माहीतच असेल, हुजुरांनी विचारलं..."

"कोण विचारणार? मेणा रिकामा होता साहेब! हुजूर दोन दिवस आधीच घोड्यावरून गरम झऱ्याच्या गावी गेले होते, कोणा बाईसाठी. लोकांत बभ्रा नको म्हणून स्वारी तेवढी फिरवली. रिकामा मेणा हलतो, भोई धडपडतात, म्हणून स्वयंपाकघरातलं जातं उचलून आत ठेवलं होतं. बाप म्हणायचा, हुजुरांपेक्षा जातं बरं, कूस बदलत नाही." त्याने डोळे पुसले, या खेपेला डाव्या हाताने. "तुमच्या वडिलांनी जात्यासाठी पाय मोडला. आणि तुम्ही... तुमच्यासाठी तर ते थांबले तरी. लोक बघतायत म्हणाले."

"खोटं आहे," मी म्हणालो. "तुझा बाप भोई होता, काहीही सांगेल."

"हो ना," तो म्हणाला. "भोयाला काय कळतं? वजन तेवढं कळतं."

मग त्याचं हसू एकदम थांबलं. "जा आता, इसोबेसाहेब. रागाने नाही म्हणत. दमलोय. पुढच्या वेळी याल तेव्हा अंडी नका आणू, खूप झालीत."

खोटं आहे. भोयांनी दारू पिऊन रचलेलं आहे. मेणा थांबला होता. पडदा वर झाला होता. बाबांनी स्वतः ऐकलं होतं, "कोण हा?"

शिनागावापासून घरापर्यंत चालत आलो. गाडीत बसवेना.

२१ एप्रिल

बाबांचा गुडघा आज फार ठणकत होता. हवा फिरलीय. तेल गरम करून बसलो.

"तेत्सु," त्यांनी विचारलं, "त्या दिवशी हुजूर काहीच बोलले नाहीत का रे?"

मी त्यांच्या पायाकडे बघत होतो. हाड जिथे वाकडं जुळलंय तिथे कातडी चकाकते. विचारावं वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं: बाबा, खरंच पडदा वर झाला होता का?

"बोलले ना," मी म्हणालो. "थांबले. टोपी काढली आणि विचारलं, 'कोण हा?'"

चुलीपाशी ओशिनोच्या हातातली पळी थांबली. तिला बोलता आलं असतं, आज मी रागावलो नसतो.

बाबांना आनंद होईल, आवाज कापेल, असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, भिंतीकडे बघत होते.

"हं," ते म्हणाले. "मलाही असंच विचारलं होतं."

आणि थोड्या वेळाने, अगदी हळू म्हणाले, "घरी आल्यावर काहीतरी सांगावंच लागतं, बाळा."

मग त्यांनी पाय लांब केला आणि मी रोजच्यासारखा गुडघा चोळून दिला.